यजमान नसलेला बुलावा

बऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीत लग्नाचे बोलावणे पूर्वी पायांनी चालत येई. पत्रिका छापल्या जात, वाटल्याही जात. परंतु कागद हाती पडला एवढ्याने बोलावणे पूर्ण झाले असे कोणी मानीत नसे. घराने नेमलेला माणूस उंबरठ्याशी यावा, कुंकवाने रंगवलेल्या चार अक्षता त्याने गृहिणीच्या तळहातावर ठेवाव्यात, यजमानाचे नाव, स्थळ आणि दिवस स्पष्ट उच्चारावा, तेव्हा कुठे त्या घरचे लोक पंगतीला येण्यास मोकळे होत. हिंदीच्या नित्य शेजारामुळे या उच्चाराला आमच्याकडे ‘बुलावा’ हे नाव पडले. लोधीपुऱ्यापासून इतवाऱ्यापर्यंत चाळीस वर्षे हा बुलावा ज्यांनी दारोदार वाहिला, त्या उखर्डूकाकांची ही हकीकत.

उखर्डू हे नाव परगावच्या माणसाच्या कानाला टोचते. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या अर्भकाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणीत आणि असे नाव देत. टाकून दिलेल्या वस्तूकडे मृत्यू वळून पाहणार नाही, अशी त्या माउलीची श्रद्धा. काकांच्या आधीची तीन भावंडे गेली होती. मृत्यूने काकांकडे खरोखरच सत्तर वर्षे पाहिले नाही. त्यांच्या आसपासची माणसे मात्र तो एकेक करून घेऊन गेला आणि तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी विमलकाकूही गेल्या. मुलगी शीतल इंदूरला सासरी. लोधीपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आता काका, एक पितळी वाटी आणि शीतलने आपला जुना म्हणून ठेवून दिलेला मोबाइल, एवढेच राहत.

त्यांची पोटाची नोकरी पालिकेच्या एका शाळेत शिपायाची. परंतु त्यांना स्वतःला विचारले तर ते शाळेचे नाव घेत नसत. ‘मी बुलाव्याचा माणूस’ असेच सांगत. या कामाची सूक्ष्मता ज्यांना ठाऊक नाही त्यांना ते हलके वाटेल. बुलावा दोन प्रकारचा असे. एक ‘माणशी एक’, म्हणजे त्या घरातून एकाने यावे. दुसरा ‘चूलबंद’, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटता कामा नये. लेकरेबाळे, म्हातारीकोतारी, आलागेला पाहुणा, सर्वांनी यावे. चूलबंद घराला चुकून माणशी एक सांगितले तर पिढीजात अबोला पडे. काकांनी चाळीस वर्षांत ही चूक एकदाही केली नाही. सदऱ्याच्या उजव्या खिशात घरे तितक्या सुपाऱ्या घेऊन ते निघत. एक दार झाले की एक सुपारी डाव्या खिशात जाई. सायंकाळी उजवा खिसा रिकामा झाल्याखेरीज ते पाणी पीत नसत.

त्यांचे दोन नियम सर्वांना ठाऊक होते. ज्या यजमानाचे तोंड पाहिले नाही त्याचा बुलावा न्यायचा नाही, हा पहिला. आणि ज्याला बोलावले तो उपाशी परत गेला तर दोष बोलावणाऱ्याचा, हा दुसरा. म्हणून मांडवाच्या तोंडाशी ते शेवटची पंगत उठेपर्यंत उभे राहत, आलेल्या प्रत्येकाचे हात धुतलेले पाहत आणि मग, आचारी भांडी आवरू लागले असता, स्वतः पानावर बसत.

आणखी एक काम त्यांच्याकडे असे, ज्याचा उल्लेखही लोक दबक्या आवाजात करीत. यजमानाच्या घरी ऐनवेळी कोणी वारले तर दिलेला बुलावा मागे घ्यावा लागे. ते काम ज्याने बुलावा दिला त्यानेच करायचे. अशा वेळी ते वाटी न घेता निघत, उंबरठ्यापर्यंत न जाता पायरीखालीच उभे राहत. रिकाम्या हातांचे उखर्डूकाका पायरीखाली दिसले की आतून पहिला प्रश्न येई, “कोन गेलं?”

पुढे लग्नाच्या पत्रिका मोबाइलवरच येऊ लागल्या. एका बोटाच्या स्पर्शाने पाचशे घरे बोलावून होत. काकांना कोणी काढून टाकले नाही. कोणी बोलावलेच नाही. बोलावणाऱ्या माणसाला बोलावणे येईनासे झाले. विमलकाकूंच्या पश्चात तर आठवड्यातले चार दिवस त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. पाचव्या दिवशी ते दळण घेऊन समाधानच्या चक्कीवर जात आणि तिथे पट्ट्याच्या घरघराटात जे काही बोलता येईल तेवढे बोलून येत.

गेल्या मार्गशीर्षात हा समाधानच निमित्त झाला. काकांच्या मोबाइलवर त्याने एक संदेश पाठवला. कसल्याशा कंपनीचा वर्धापनदिन, त्यानिमित्त प्रेशर कुकर मोफत, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘एकवीस मित्रांना आमंत्रित करा आणि भेटवस्तू घरपोच मिळवा.’

“आलं का काका?” पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवीत समाधान म्हणाला. “मी म्हनलं, हे आपल्यासारख्याचं काम नोहे. बोलवाचं काम हाय, तर उखर्डूकाकालेच पाठोवा. तुमच्याहून भारी कोन हाय बऱ्हानपुरात?”

“कोनाकडचं हाय पन हे?”

“कंपनीकडचं.”

“तू पाह्यलं का कोनाले?”

“अरे बाप्पा! कंपनीले तोंड असते का काका? कुकर असते!” आणि तो आपल्याच विनोदावर हसत पुढल्या डब्याकडे वळला.

समाधान थट्टा करून मोकळा झाला. काका मात्र घरी येऊन पायरीवर बसले आणि चष्मा पुसून तो संदेश पुन्हा पुन्हा वाचू लागले. कुकरचे त्यांना काय होय? एका माणसाचे वरण लहानशा पातेल्यात शिजते. त्यांची दृष्टी खिळली होती ती ‘आमंत्रित करा’ या दोन शब्दांवर. कोणीतरी, कोठून तरी, कित्येक वर्षांनी त्यांना बुलाव्याचे काम सांगितले होते. यजमानाचे तोंड दिसले नव्हते हे त्यांना कळत होते. परंतु जो आपल्या नावाने एकवीस घरे बोलावतो तो रिकाम्या मांडवात कशाला बोलावील, असे त्यांनी मनाला समजावले. मनाला समजावण्याची वेळ येते तेथेच थांबावे, हे एकाकी माणसाला सांगणारे घरात कोणी नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पितळी वाटी चिंचेने घासली, कुंकू कालवून अक्षता रंगवल्या, उजव्या खिशात एकवीस सुपाऱ्या घातल्या आणि धुतलेले धोतर नेसून ते निघाले. मोबाइलवरचा तो संदेश बोटाने सरकवून एकवीस जणांना धाडावा, अशी त्या लोकांची अपेक्षा होती. काकांच्या मोबाइलात चारच क्रमांक होते. आणि बोटाने सरकवलेल्या बोलावण्याला ते बोलावणे मानीतही नव्हते.

त्या दोन दिवसांत लोधीपुऱ्यातल्या आणि इतवाऱ्यातल्या घरांनी एक अपूर्व दृश्य पाहिले. उखर्डूकाका उंबरठ्याशी येत, अक्षता देत आणि जुन्या ठेक्यात म्हणत, “कंपनीकडचा बुलावा हाय. भेटवस्तूचा. चूलबंद.” मग ते मोबाइल पुढे करीत. घरातले कोणी तरुण माणूस तो संदेश आपल्या मोबाइलवर पाठवून घेई, नाव आणि क्रमांक भरी. कोणी हसे. कोणी “काका, आता काय हे धंदे सुरू केले का तुम्ही?” असेही विचारी. पण अक्षता हातात घेतल्यावर नाही म्हणण्याची रीत नसल्यामुळे दार कोणी लावले नाही. दोन ठिकाणी चहा झाला. एका घरी नव्या सुनेने वाकून नमस्कार केला. डाव्या खिशात सुपाऱ्या वाढत होत्या आणि काकांचा आवाज, चार दिवसांत एकदा वापरला जाणारा तो आवाज, हळूहळू पूर्वीसारखा खणखणीत होत होता. प्रत्येक दारागणिक मोबाइलवर आकडाही वाढत होता: सतरा, अठरा, एकोणीस.

इतवाऱ्यात लीलाबाईंचे घर अठरावे होते. लीलाबाई पूर्वी अंगणवाडीत सेविका होत्या. वैधव्यानंतर एकट्याच राहत. मुलगा पंकज सुरतेला नोकरीस होता. त्याची सात वर्षांची मुलगी भूमिका शाळेतून आली की रोज पाच वाजता आजीला व्हिडिओ कॉल करी, आणि लीलाबाई साडेचारपासून केस विंचरून, लुगड्याचा पदर नीट करून मोबाइलसमोर बसत. त्यांच्या घरात मोबाइल भरून देणारे तरुण कोणी नव्हते. म्हणून काका उंबरठ्यावर बसले आणि दोन वृद्धांनी मिळून, एकेक अक्षर शोधीत, ते पान भरले.

“आता एक सहा आकड्यांचा नंबर आला,” लीलाबाई म्हणाल्या. “ते मांगू राह्यले. देऊ का भाऊ?”

“कायले मांगू राह्यले?”

“भेटवस्तूच्या खात्रीसाठी, म्हनते.”

काकांना जुने बुलावे आठवले. चाळीस वर्षांत किती यजमानांनी त्यांना विचारले होते, घरात माणसे किती, जेवणार किती, आणि किती घरांनी ते निःशंकपणे सांगितले होते! “यजमान इचारते तर सांगा लागते,” ते म्हणाले. “नाहीतर त्याले पान मांडता येत नाही.”

लीलाबाईंनी तो अंक दिला.

विसाव्या घरानंतर आकडा वीस झाला. एकविसावे घर झाले, सुपाऱ्यांचा खिसा रिकामा झाला, आणि आकडा हलला नाही. ‘अभिनंदन! आता फक्त एक मित्र बाकी.’ काकांनी आणखी एक घर केले. एक मित्र बाकीच. ते राजघाटाकडच्या एका ओळखीच्या घरी जाऊन आले. तरीही एक बाकी. संध्याकाळी तापीच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी डाव्या खिशातल्या सुपाऱ्या उपरण्यावर ओतून मोजल्या. हिशेब त्यांचा चुकत नव्हता. समोरच्याचा चुकत होता, आणि हा अनुभव त्यांना नवा होता.

आणखी दोन दिवस आकडा हलण्याची वाट पाहून, शनिवारी दुपारी ते तेजस्विनीकडे गेले. ही त्यांच्याच गल्लीतली, एका खाजगी शाळेत संगणक शिकवणारी मुलगी. बुलाव्यातले सातवे घर तिचे होते.

तिने मोबाइल हातात घेतला आणि तो संदेश वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिला.

“काका, रागावू नका. मी त्या दिवशी अक्षता घेतल्या, पण ते पान भरलंच नाही.”

“काऊन?”

“हे सगळं फसवं आहे, मला दिसत होतं. पण तुम्ही इतके खुश होता. वाटलं, कशाला यांचं मन मोडायचं.”

काकांनी बोटांवर घरे मोजली. मग अगदी हळू म्हणाले, “तू भरलं नाही?”

“नाही.”

“मग सातव्या घराले आकडा सात कसा झाला?”

तेजस्विनीने मान वर केली. तिला हा पुरावा सुचला नव्हता. ज्या माणसाला मोबाइलवर अक्षर शोधायला घटका लागे त्याने सुपारीच्या मोजणीने तो शोधला होता. “तेच तर!” ती म्हणाली. “तो आकडा कुणाला मोजतच नाही, काका. आपोआप चढतो आणि एकावर अडकतो, म्हणजे माणूस अजून पाठवत राहतो. बस, एक और, एक और.”

“म्हंजे असं सारंच खोटं असते का?”

“सारंच नाही. मी रिचार्जसाठी जे ॲप वापरते त्यांनी मला सांगितलं होतं, मैत्रिणीला जोडा, तिनं पहिला रिचार्ज केला की दोघींना थोडी सूट. मिळाली ना सूट! पण तिथं कंपनी कोण, पत्ता काय, नियम काय, शेवटची तारीख कोणती, तक्रार कुठं करायची, सगळं लिहिलेलं होतं. आणि ते मी त्यांच्याच ॲपमध्ये जाऊन वाचलं, कुणी पाठवलेल्या लिंकवर नाही. बक्षीस पण केवढं? चहाच्या कपाएवढं. इथं बघा, नाव नामवंत कंपनीसारखं, पण एक अक्षर इकडचं तिकडं. पत्ता नाही. नियम नाहीत. आणि काही विकत न घेणाऱ्या एकवीस माणसांच्या बदल्यात कुकर कोण देईल?”

“म्हंजे याले यजमानच नाही.”

“यजमान आहे की,” तेजस्विनी म्हणाली. “फक्त तो पंगतीला वाढत नाही. पंगतच खातो. लोकांचे नंबर घेतो, विकतो.” आणि मग तिने विचारले, “काका, कुणी तो सहा आकड्यांचा नंबर तर नाही ना दिला? तो दिला की समोरच्याला तुमच्या व्हॉट्सॲपची किल्लीच मिळते.”

काका उठले. त्यांनी वहाणा पायात घातल्या, आणि तेजस्विनीही त्यांच्यामागे निघाली.

लीलाबाईंच्या घरी जे व्हायचे ते होऊन गेले होते. तीन दिवसांपूर्वी त्यांचे व्हॉट्सॲप बंद पडले, आणि त्याच क्षणापासून त्यांच्या नावाने तो कुकरचा संदेश सगळीकडे जाऊ लागला: पंकजच्या सासरी, त्याच्या कचेरीतल्या साहेबाकडे, अंगणवाडीतल्या जुन्या बायांकडे. पंकजने फोन करून आईला फैलावर घेतले. ‘आई, तुला मोबाइल द्यायलाच नको होता. आता त्याला हात लावू नको. मीच रविवारी साधा फोन करत जाईन.’ पाच वाजताची भूमिका बंद झाली. तीन संध्याकाळ लीलाबाई केस विंचरून बसल्या होत्या आणि मग उठल्या होत्या.

 समोर उभ्या असलेल्या काकांना वगळून त्या तेजस्विनीला म्हणाल्या, “यायले सांग पोरी, मी त्या मोबाइलच्या कागदावर भरवसा नव्हता ठेवला. यायच्या अक्षतांवर ठेवला व्हता.”

तेजस्विनीने खटपट केली. खाते परत मागता येते, असे निघाले. पण चोराने त्यावर आपल्या गुप्त आकड्याचे कुलूप घातले होते, ते सात दिवसांनीच सुटणार होते. तिने पंकजला फोन लावून समजावले, खात्याची तक्रार नोंदवली आणि लीलाबाईंना सांगितले, “पुढच्या शनिवारी, काकू. पक्का.”

“सात दिवस,” लीलाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पाचला पाच मिनिटे कमी होती.

काका घरी गेले. त्यांच्यापुढे आता एकच प्रश्न होता. चाळीस वर्षे ज्या शब्दावर दारे उघडली त्या शब्दाचे काय करायचे? शास्त्र त्यांना एकच ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटी कोनाड्यात पालथी घातली आणि रिकाम्या हातांनी ते निघाले. त्याच क्रमाने, त्याच गल्ल्यांतून, प्रत्येक दाराशी, पायरीखाली.

पहिल्याच घरी म्हातारीने त्यांना तसे उभे पाहिले आणि तिच्या हातातले सूप खाली आले. “अवो उखर्डूभाऊ! कोन गेलं?”

“कोनी नाही गेलं वहिनी. बुलावा मांगं घेतो. तो खोटा व्हता. कोनी फोन केला तर काही सांगू नका.”

म्हातारीने छातीवर हात ठेवला. “देवा! मले वाटलं कोन मेलं!”

पुढे सर्वत्र असेच. जुनी माणसे घाबरून बाहेर येत आणि नंतर सुटकेचा निःश्वास टाकत. तरुण माणसे मात्र गोंधळून विचारीत, कोणता बुलावा? “अच्छा, ते होय! काका, तुम्ही उसके लिए इतक्या उन्हात आलात? असले मेसेज रोज दहा येतात, कोण लक्षात ठेवतं. मैंने तो उसी दिन डिलीट मारला.” एकाने प्रेमाने खांद्यावर हात ठेवला. “टेन्शन नका घेऊ. आत या, पाणी घ्या.” काका आत गेले नाहीत. मागे घेण्याच्या वेळी पाणी पीत नाहीत.

दोष कोणी दिला नाही. माझ्या मते त्यांना सर्वात अधिक जर काही लागले असेल तर ते हे. शिव्या मिळाल्या असत्या तर आपला शब्द कोठेतरी जाऊन पोहोचला होता, एवढे तरी कळले असते. रोजच्या दहा संदेशांतला एक म्हणून लोकांनी तो पुसून टाकला होता. वाकून नमस्कार करणाऱ्या त्या सुनेला काका नीट आठवतही नव्हते. अक्षता तिने चिमण्यांना घातल्या होत्या, आणि ते तिने निर्मळपणे सांगितले. समाधान तर चक्की थांबवून म्हणाला, “अरे काका, मी तर मजाक केला व्हता!” त्याचा चेहरा मात्र पिठाखाली उतरला होता. मागल्या दळणाचे राहिलेले पैसे त्याने घेतले नाहीत. काकांनी ते चक्कीच्या फळीवर ठेवून दिले.

शेवटचे दार त्यांनी लीलाबाईंचे ठेवले होते. या फेरीत चार दिवस गेले होते, सातांतले तीन उरले होते. काका पायरीखाली उभे राहिले.

लीलाबाई तांदूळ निवडीत होत्या. यावेळी त्या थेट बोलल्या. “आता काय राह्यलं?”

“बुलावा मांगं घ्याले आलो.”

“घेतला मांगं. झालं?” त्यांनी एक खडा अंगणात भिरकावला. “आन् तुमचा तो दुसरा नेम? गावभर सांगत फिरत व्हते ना चाळीस साल? बोलावलेला उपाशी गेला त दोष बोलावनाऱ्याचा. मी उपाशीच हाय ना उखर्डूभाऊ. पोरीचं तोंड पाहून मले आठ रोज झाले.”

काकांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, “रविवारी या. दुपारी. माझ्या घरी.”

“कोनाकडचं?” लीलाबाईंनी विचारले. हा त्या गावच्या प्रत्येक बुलाव्याला विचारायचा पहिला प्रश्न. तो त्यांनी रीतीने विचारला की उपरोधाने, हे काकांना कळले नाही.

“माझ्याकडचं,” ते म्हणाले. शीतलचे लग्न सोडले तर आयुष्यात त्यांनी स्वतःच्या नावाने कोणाला बोलावले नव्हते. “चूलबंद.”

 त्या घरी आता चूलबंद आणि माणशी एक यांत काही अंतर उरलेले नव्हते.

“पाहीन,” लीलाबाई म्हणाल्या.

शनिवारी रात्री कुलूप सुटले. तेजस्विनीने खाते उघडून त्यावर लीलाबाईंचे स्वतःचे कुलूप बसवून दिले. रविवारी काका पहाटेपासून उठले होते. विमलकाकूंच्या हातची रीत त्यांना पाहून पाहून ठाऊक होती. कणीक जाडसर मळून त्यांनी बट्ट्या उकडल्या, कापल्या, तुपात तळल्या. तुरीचे वरण पातेल्यात घोटले. वांग्याची भाजी केली, ती किंचित लागली. एक पाट मांडला, त्याच्यापुढे केळीचे पान. वाटी चिंचेने घासून कोनाड्यात उताणी ठेवली आणि ते आपल्याच घराच्या दाराशी, मांडवाच्या तोंडाशी उभे राहत तसे, उभे राहिले.

बारा वाजले. साडेबारा झाले. गल्लीतून एक सायकल गेली, एक भाजीची गाडी गेली. तेजस्विनीने खिडकीतून पाहिले आणि ती मागे सरली. एक वाजायच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी लीलाबाई दिसल्या. केस नीट विंचरलेले. हातात मोबाइल, लुगड्याच्या पदरात धरलेला.

त्या येऊन पाटावर बसल्या. काकांनी वाढले. पहिली बट्टी त्यांनी कुस्करली, वरण कालवले, खाल्ले. “भाजी लागली,” एवढेच म्हणाल्या, आणि ती दुसऱ्यांदा घेतली. दुसऱ्या बट्टीच्या वेळी पानाशेजारचा मोबाइल वाजू लागला.

लीलाबाईंचा उजवा हात वरणाचा होता. डाव्या हाताने त्यांनी बोट फिरवले.

“आजी! दिख गई! आजी, तू कुठं गेली होती?”

“इथंच व्हती ना माय.”

“ये किसका घर आहे? तू काय खातेस?”

लीलाबाईंनी मोबाइल पानाकडे वळवला, मग पुन्हा स्वतःकडे. “जेवाले आली. बुलावा व्हता.”

“बुलावा म्हणजे?”

“म्हंजे... थांब, सांगते,” असे म्हणून त्या सांगू लागल्या. अक्षता कशा, वाटी कशी, चूलबंद म्हणजे काय. पानावरचे वरण निवत गेले. काका दाराशीच होते. आजी-नातीचे बोलणे आपल्या कानी पडू नये म्हणून ते पायरी उतरून गल्लीत जाऊन उभे राहिले. ऊन डोक्यावर होते. आतून मधूनच त्या मुलीचे हसणे ऐकू येई.

बऱ्याच वेळाने लीलाबाई हात धुऊन बाहेर आल्या. पायरीवर थांबून त्यांनी विचारले, “तुमी जेवले का?”

“मी शेवटी.”

त्यांनी मान हलवली आणि त्या इतवाऱ्याच्या वाटेला लागल्या. पाचला पुन्हा फोनवर यायला सांगितलेय पोरीने, असे काहीसे पुटपुटत. त्या वळणाआड जाईपर्यंत काका उभे होते. मग त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे, जुन्या सवयीने, आणखी कोणी यायचे राहिले आहे काय हे पाहिले. कोणी नव्हते. ते आत गेले, उजव्या खिशातली एक सुपारी त्यांनी डाव्या खिशात टाकली, आणि त्याच पाटावर, गार झालेल्या वरणाचे पातेले ओढून, ते एकटेच जेवायला बसले.